प्रवेश अर्जात एक रकाना वाढवा : जवळचं स्टेशन

प्रति,
मुंबईत लहान मुलांच्या स्पर्धा, निवड चाचण्या, शिबिरं आणि परीक्षा भरवणारे सर्व आयोजक, प्रशिक्षक, पंच आणि परीक्षक

विषय : सकाळी सातचा रिपोर्टिंग टाइम

सप्रेम नमस्कार,

तुमच्या प्रवेश अर्जात आम्ही मुलाची जन्मतारीख लिहितो, जन्मदाखल्याची झेरॉक्स जोडतो, आधार कार्डाची जोडतो, रक्तगट लिहितो, टी-शर्टचा साइज लिहितो आणि मुख्याध्यापकांचा सही-शिक्का आणून देतो. मूल कुठल्या स्टेशनवरून गाडीत चढणार, हे मात्र कुणी विचारत नाही. पत्त्याचा रकाना असतो, पण तो वाचून कुणी वेळ ठरवली असावी असं दिसत नाही. वाचला असता तर बदलापूर, विरार, आसनगाव असं लिहून देणाऱ्या मुलांना रविवारी सकाळी सात वाजता आझाद मैदानावर हजर राहायला सांगितलं नसतं.

बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर आहे. फास्ट मिळाली तर दीड तासाच्या आसपास. रविवारी गाड्या कमी, त्यातली आपल्याला हवी ती रद्द असण्याचीच शक्यता जास्त. सातला मैदानावर उभं राहायचं तर पाचच्या आसपास गाडीत बसायला हवं, म्हणजे पोराला चारला उठवायचं आणि आईनं त्याआधी. पहाटे चारला बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या घशाखाली काही उतरत नाही, म्हणून पोहे डब्यात, केळी पिशवीत, आणि ते सगळं ठाकुर्लीच्या पुढे कुठेतरी खाल्लं जातं.

इतकं करून सातला पोचलो तर मैदानावर असतो फक्त माळी. तो स्टम्प ठोकत असतो किंवा मॅट ताणत असतो. पंच आठ-साडेआठला येतात, टॉस नऊच्या पुढे होतो. दादर-माटुंग्याची मुलं साडेआठला आंघोळ करून, भांग पाडून येतात, कारण तुमच्या सातचा अर्थ त्यांना पक्का ठाऊक असतो. आमचीही मुलं तो शिकली आहेत, पण आम्ही धोका पत्करू शकत नाही. त्यांना पाच मिनिटं उशीर झाला तर ती पाचच मिनिटं असतात. आमची एक गाडी चुकली तर पुढची कधी, हे इंडिकेटरलाही माहीत नसतं. म्हणून आमची मुलं दोन तास आधी येऊन किटबॅगवर डोकं ठेवून झोपतात आणि मग त्या झोपेतून उठून ओपनिंगला जातात. पहिल्या षटकात बाद झालेल्या मुलाबद्दल तुमच्यापैकी एक जण माझ्या देखत म्हणाले होते, ‘फूटवर्क आळशी आहे.’

मुलांच्या हौसेपायी आई-बाप कुठवर जातील, याला अंत नाही. हे तुम्हाला माहीत आहे, आणि तुमचं वेळापत्रक त्याच भरवशावर चालतं, असं माझं स्पष्ट मत आहे. हौसेला मोल नसतं म्हणतात. आमच्याकडे त्या हौसेचा तीन महिन्यांचा पास काढावा लागतो, मुलाचा आणि सोबत जाणाऱ्याचा.

हे फक्त क्रिकेटचं नाही. आमच्या मजल्यावरची एक मुलगी बुद्धिबळ खेळायची. तिच्या स्पर्धा कधी बोरिवलीला, कधी वाशीला. फेऱ्या सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि पालकांना हॉलमध्ये प्रवेश नाही, जे खेळाच्या दृष्टीनं योग्यच आहे. तिचे वडील जिन्यात वर्तमानपत्र पसरून दिवस काढायचे. गाण्याच्या स्पर्धेला जाणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्या तंबोऱ्याचं अ‍ॅप आणि आल्याची वडी घेऊन निघतात आणि कल्याणच्या गर्दीत मुलीच्या गळ्याभोवतीचा स्कार्फ घट्ट करत राहतात. भरतनाट्यमच्या मुलींची वेणी, गजरा, आलता हे सगळं घरून होऊन येतं. घाम येऊ नये म्हणून त्या गाडीत दाराजवळ उभ्या असतात आणि आया त्यांच्यापुढे हात आडवा धरून. क्वचित उलटंही घडतं : आकाशदर्शनाची हौस लागलेली शहरातली मुलं आई-वडिलांसह रात्रभरासाठी वांगणीला येतात, कारण दादरला तारे दिसत नाहीत. वांगणी आमच्या पुढचं स्टेशन. त्या रात्री मुंबईकरांना अंतर म्हणजे काय ते कळतं, आणि खोटं कशाला बोलू, मला थोडं बरं वाटतं.

आता तुमच्या आवडत्या गोष्टींकडे येते. दरेक शिबिराच्या उद्घाटनाला आम्हाला त्या ऐकवल्या जातात. शार्दूल ठाकूर पालघरहून यायचा. पृथ्वी शॉ विरारहून वडिलांबरोबर यायचा. अजिंक्य रहाणे डोंबिवलीचा. ‘त्यांनी कधी अंतराची तक्रार केली का?’ असं विचारून वक्ता खाली बसतो आणि आम्ही टाळ्या वाजवतो.

त्या गोष्टींचा उत्तरार्ध मात्र कुणी सांगत नाही. शार्दूलला प्रशिक्षक दिनेश लाड यांनी बोरिवलीला स्वतःच्या घरी राहायला नेलं. रोहित शर्माचे आई-वडील डोंबिवलीला होते, तो बोरिवलीत आजी-आजोबा आणि काकांकडे वाढला. पृथ्वीला पुढे सांताक्रूझ भागात राहायला जागा मिळाली. आणि सचिन तेंडुलकर? तो वांद्र्याचा. आचरेकर सरांच्या सांगण्यावरून त्यानं शाळा बदलून शारदाश्रममध्ये प्रवेश घेतला आणि वांद्रे ते दादर हा प्रवासही जास्त होतोय म्हणून तो शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. वांद्रे ते दादर! आमच्याकडे काही मुलं तेवढ्या अंतरावरून रिक्षानं स्टेशनला येतात.

म्हणजे ज्यांची नावं घेऊन आम्हाला लांबून यायला सांगितलं जातं, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या बाबतीत कुणीतरी मोठ्या माणसानं वेळीच ओळखलं की या पोराची ताकद गाडीत खर्च होतेय. त्यांनी ती वाचवली. रहाणे डोंबिवलीहून ये-जा करत राहिला, हे खरं आहे, आणि त्याची लहानपणची गोष्ट तो स्वतः सांगतो : धाकट्या भावाला कडेवर आणि किटबॅग दुसऱ्या हातात घेऊन आई त्याला सरावाला चालत न्यायची. ही गोष्ट ऐकून तुम्हाला अजिंक्यचं कौतुक वाटतं. मला त्या माउलीचा खांदा दिसतो.

तुमच्यातले एक ज्येष्ठ मला म्हणाले होते, ‘ज्याला खेळायचंय तो येतोच.’ येतोच, बरोबर. जो येत नाही, तो तुमच्या यादीत नसतो, त्यामुळे त्याचा हिशेब तुमच्याकडे कधी होत नाही. बुद्धिबळ खेळणाऱ्या त्या मुलीच्या वडिलांना कारखान्यात रविवारची शिफ्ट लागली. आई घरी अंथरुणावरच्या सासूला सोडून दिवसभर बाहेर राहू शकत नव्हती. मुलीचं स्पर्धांना जाणं थांबलं. आयोजकांच्या वहीत तिच्या नावापुढे ‘अनुपस्थित’ एवढंच लिहिलेलं असणार. ती हरली नव्हती. चांगली खेळायची हो.

मुळात हा तिढा झाला कसा, तेही बघा. शिवाजी पार्क १९२५ साली खुलं झालं. आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल ही त्याहून जुनी. तेव्हा मुंबई तिथंच होती, मुलंही तिथंच होती, त्यामुळे मैदानं जागच्या जागी बरोबर होती. मग १९८२चा गिरणी संप झाला, परळ-लालबागच्या खोल्या विकल्या गेल्या. माझ्या सासऱ्यांनीही विकली. मोठं कुटुंब घेऊन माणसं डोंबिवली, अंबरनाथ, नालासोपाऱ्याला गेली. २००१च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायन एवढ्या मुंबईची, लोकसंख्या ३३ लाखांच्या वर होती. २०११मध्ये ती ३१ लाखांच्या खाली आली. त्याच २०११च्या मोजणीत ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांवर जाऊन देशातला सर्वांत जास्त लोकवस्तीचा जिल्हा ठरला, आणि १ ऑगस्ट २०१४ला त्यातून पालघर वेगळा काढावा लागला. एकट्या वसई-विरार महापालिकेत तेव्हा १२ लाखांवर माणसं राहत होती. मुलं इकडे आहेत. खेळपट्ट्या, जिमखाने, नाव असलेले सर, निवड समितीची खुर्ची हे सगळं तिकडेच राहिलं. आझाद मैदानावर २२ खेळपट्ट्या आहेत म्हणून आपण अभिमानानं सांगतो. त्या बावीसांवर रविवारी खेळणारी मुलं कुठून आली आहेत, हे कुणी उभं राहून विचारावं.

आता एक अडचण, जी पुरुष आयोजकांच्या लक्षात येणं थोडं कठीण आहे. रेल्वेच्या नियमानुसार बारा वर्षांपर्यंतचा मुलगा आईबरोबर लेडीज डब्यात चालतो. बारा पूर्ण झाले की हाफ तिकीट संपतं आणि आईचा डबाही. नेमकं त्याच वयात क्रिकेट गंभीर व्हायला लागतं, चौदा वर्षांखालचे सामने सुरू होतात, किटबॅगमध्ये पॅड, थाय-पॅड, हेल्मेट, दोन बॅटी येतात आणि तिची उंची पोराच्या खांद्यापर्यंत जाते. मग दोनच मार्ग उरतात. आईनं जनरल डब्यात घुसायचं, किंवा त्याला एकट्याला सोडून शेजारच्या लेडीज डब्यातून दर स्टेशनला डोकं बाहेर काढून बघायचं. मी दोन्ही केलं आहे. मालडब्यात जागा बरी मिळते, आणि तिथले मासळीवाल्या मावश्या नि भाजीवाले किटबॅगला सांभाळूनही घेतात. पण परतीच्या वेळी तिथंही उभं राहता येत नाही. जनरल डब्यात कुणीतरी हमखास विचारतं, ‘काय बाई, पोराला सचिन करताय का?’ नाही हो. त्याला चेंडू मारायला आवडतो, एवढंच आहे. त्याच्या क्रिकेटचं पुढे काही होईल असं मला स्वतःला वाटत नाही. त्याला मात्र वाटतं, आणि तो तेरा वर्षांचा आहे.

मेगाब्लॉकची गोष्ट तुम्हाला नवी नाही. मध्य आणि हार्बरवर तो बहुतेक रविवारी असतो, साधारण सकाळी अकराच्या सुमारास लागतो आणि दुपारी उशिरापर्यंत चालतो. रेल्वे तो आधी जाहीर करते, पेपरात छापून येतो. तरीही तुमचा दुसरा बॅच नेमका ब्लॉकच्या वेळेत बोलावलेला असतो. पावसाळ्याच्या तोंडावरचे सामने तर वेगळंच प्रकरण. पहाटे चारला ग्रुपवर विचारलं तर उत्तर येतं, ‘पंच येऊन विकेट बघतील, मग ठरेल.’ पंच येतात, विकेट बघतात आणि साडेआठला मेसेज पडतो : सामना रद्द. आम्ही तेव्हा मैदानाच्या कडेला गुडघाभर चिखलात छत्री धरून उभे असतो. अहो, माळी रात्रभर मैदानावरच असतो. त्याला पहाटे चारला एक फोन करा. खेळपट्टीत पाणी साचलंय की नाही, हे तो कुठल्याही पंचापेक्षा खात्रीनं सांगेल.

निवड चाचणीबद्दल लिहिताना हात जरा सांभाळावा लागतोय. शेकडो मुलं येतात, नेट चार-पाच, तुमच्याकडे दिवस एकच, हे सगळं मान्य. पण चार-पाच तास रांगेत बसवून एका मुलाला नेटमध्ये मोजून काही चेंडू मिळतात, ‘नेक्स्ट’ असा आवाज येतो आणि संपलं. त्यात मुलाची पारख होते की त्याच्या नशिबाची, ते तुम्हीच जाणा. घरी परतताना आमचं पोर विचारतं, ‘त्यांनी माझं नाव तरी लिहून घेतलं का?’ ठाकुर्लीपर्यंत याचं उत्तर देता येत नाही.

तुमची बाजू मला दिसत नाही असं समजू नका. तुमच्यापैकी पुष्कळ जण हे फुकटात करता. मैदान मिळतं तेव्हाच घ्यावं लागतं, दुपारी ऊन असतं, संध्याकाळी उजेड जातो, पंचांचं मानधन, पाण्याचे जार, प्रथमोपचार पेटी, सगळं बघावं लागतं. त्यात आम्ही पालक. आमच्यातही नमुने आहेत : सीमारेषेवरून ओरडून फील्ड लावणारे, सरांसाठी डबा आणून मुलाला वरच्या क्रमांकावर पाठवू बघणारे, दुसऱ्याच्या पोराच्या जन्मदाखल्यावर संशय घेणारे. लांबून आलो म्हणून आमच्या मुलांना जास्त षटकं द्या, असं मी म्हणत नाही. खेळ सगळ्यांना सारखाच असावा, पण त्यात उतरताना एकाची झोप झालेली आणि दुसऱ्याची मोडलेली असेल, तर निकाल काय लागणार हे टॉसच्या आधीच थोडंफार ठरलेलं असतं.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. अर्जात ‘जवळचं स्टेशन’ हा रकाना वाढवा आणि गट पाडताना तो वाचा. दोन बॅच असतील तर सकाळचा बॅच मैदानाच्या जवळच्यांना द्या, उशिराचा लांबच्यांना. गाण्याच्या नि नाचाच्या स्पर्धेत क्रम ठरवायला चिठ्ठ्या टाकता, त्या खुशाल टाका, पण कर्जत-कसाऱ्याच्या आणि डहाणूच्या मुलांच्या चिठ्ठ्या सकाळच्या पहिल्या वाडग्यात नकोत. सातला बोलावून नऊला खेळवणार असाल, तर साडेआठला बोलवा आणि साडेआठलाच या. वेळापत्रक शुक्रवारी संध्याकाळपर्यंत द्या. शनिवारी रात्री अकराला ग्रुपवर पडलेली पीडीएफ आम्ही बघेपर्यंत शेवटची रिक्षा गेलेली असते.

आणि वर्षातून निदान एक निवड चाचणी आमच्या बाजूला घ्या. डोंबिवलीत सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडा संकुल आहे, ठाण्यात दादोजी कोंडदेव स्टेडियम आहे जिथे रणजीचे सामनेही झाले आहेत. वसई-विरारकडेही मैदानं आहेत. सुविधा कमी आहेत असं तुम्ही म्हणाल, आणि काही ठिकाणी ते खरंही आहे. पण चाचणीला लागतात नेट, चेंडू आणि तीन निवड सदस्य. नेट इथे आहेत, चेंडू आम्ही वर्गणी काढून आणू. सदस्यांना मात्र यावं लागेल. रविवारी पहाटेच्या उलट्या दिशेच्या गाड्या मोकळ्या असतात, खिडकीची जागा मिळते, आणि बदलापूर पूर्वेला स्टेशनबाहेर वडापाव गरम मिळतो. तुम्ही आलात तर तुमचं रिपोर्टिंग नऊचं ठेवू.

एक शेवटचं, आणि हे सगळ्या आयांच्या वतीनं. दिवसभर मैदानावर बसणाऱ्या बायकांना स्वच्छतागृह लागतं. जिमखान्यांची असतात, पण दारावर ‘फक्त सभासदांसाठी’ असं लिहिलेलं असतं. तुमच्या स्पर्धेच्या दिवशी तरी त्यांच्याशी बोलून ते दार उघडून घ्या. पाणी न पिता काढलेले रविवार किती आयांनी काढले आहेत, हे त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं नसेल, कारण सांगायची गोष्टच नव्हे ती.

पुढच्या हंगामाचे अर्ज छापायला टाकण्याआधी कळवलंत, तर रकाना कुठे बसवायचा ते मी मांडून पाठवीन. रक्तगट आणि टी-शर्टच्या मध्ये जागा आहे.

आपली,
एक पालक
बदलापूर (पूर्व)

ता. क. : बक्षीस समारंभाला प्रमुख पाहुण्यांना उशीर होणार असेल, तर लांबच्या मुलांची बक्षिसं तुम्हीच देऊन टाका आणि त्यांना सोडा. पेपरातल्या फोटोत ती नसली तरी चालतील.